सहाव्या गावाचा अंगठा

१

एझिओहा मुलखाच्या भर सभेत, दिवसाढवळ्या, सहा गावांपैकी एक गाव चोरीला गेलं.

बकऱ्या चोरीला जातात, कंद चोरीला जातात, क्वचित बायकोही पळवली जाते. पण आख्खं गाव? कोर्टाच्या अंगणात नव्या साहेबाने पत्र्याच्या पेटीतून कागद काढून दुभाष्याच्या हातात दिला, आणि दुभाष्या घसा खाकरून वाचू लागला. "अमाओक्वे. ओबिनागू. उमुआला. एझिआमा. ओकपुआला." एवढं वाचून तो थांबला.

"आणि?" न्दियागू गावाचा वडील, म्हणजे गावातला थोरला मानकरी, इबेकवे म्हणाला.

दुभाष्याने कागद उलटा करून पाहिला. "आणि काही नाही."

कागद साधा नव्हता. चार-पाच वर्षांपूर्वी बायकांनी रस्त्यावर उतरून सरकारी चीफ लोकांच्या टोप्या उतरवल्या होत्या. तेव्हापासून सरकारला शहाणपण सुचलं होतं. आता वरून चीफ लादायचा नाही. प्रत्येक गावाने आपला माणूस निवडायचा आणि सहा गावांच्या सहा माणसांनी एका बाकावर बसून कोर्ट आणि कारभार दोन्ही चालवायचं. आधीच्या साहेबाने त्यासाठी तीन महिने इरोकोच्या झाडाखाली बसून प्रत्येकाचे आजे-पणजे विचारले, कागद केला, कंदांच्या लावणीच्या दिवसांत सहा वडिलांचे अंगठे घेतले आणि पुढच्याच महिन्यात तो बोटीने रजेवर गेला. नवा साहेब येऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. त्याला झाड माहीत नव्हतं, माणसं माहीत नव्हती. त्याला कागद माहीत होता.

आणि कागद म्हणत होता की न्दियागू नावाचं गावच नाही, ती अमाओक्वेची एक आळी आहे. म्हणजे बाकावर जागा नाही. झऱ्याचा वाद असो की जमिनीचा, न्दियागूचा निवाडा दुसऱ्यांनी करायचा आणि न्दियागूने मान डोलवायची. पुढच्या न्क्वो बाजाराच्या दिवशी, म्हणजे बरोबर चार दिवसांनी, साहेब तो कागद घेऊन जिल्ह्याला जाणार होता. तिथे एकदा शिक्का बसला की नातवंडांनाही तो पुसता आला नसता.

न्दियागूची पोरं उठली. सगळ्यांची नजर एकाच माणसावर होती. माजी चीफ ओपारा लाल टोपी घालून, सायकलला टेकून उभा होता.

"याचंच काम! जाळा याचं घर!"

"बसा खाली!" बायकांच्या घोळक्यातून आवाज आला, आणि पोरं खरंच थबकली.

उठून उभी राहिली होती उदेन्क्वो. वय साठीच्या आसपास, कोपरापर्यंत वाळलेली माती. सहा गावांत कुणाच्याही घरी पाणी प्यायलात तर मडकं तिच्या हातचं. ती जन्माने न्दियागूची, इबेकवेची थोरली बहीण. लग्न होऊन अमाओक्वेत गेली होती, पण न्दियागूच्या सगळ्या माहेरवाशिणींत सर्वांत वडील. आणि माहेरवाशिणी भांडण सोडवायला आल्या की आमच्याकडे भाऊच काय, बापसुद्धा आवाज खाली करतो.

"घर जाळून गाव परत येत असेल तर काडी मी लावते," ती म्हणाली. "येत नाही. कोयते खाली ठेवा. चार दिवस आहेत ना? मला पुरे झाले."

२

ओपारा दारात बसून सायकलची घंटी पुसत होता.

"या, या," तो म्हणाला. "काडेपेटी आणलीत का विसरलात?"

"घरी ठेवून आलेय. लागली तर लांब नाही," उदेन्क्वो बाकावर बसली. "चीफ, कागद तुम्ही बदललात?"

"उदेन्क्वो, वीस वर्षं मी चीफ होतो. तुम्ही बायकांनी माझी टोपी चिखलात फेकलीत. ही नवी घेतलीय. माझ्याबद्दल तुम्ही हजार गोष्टी बोलता, त्यातल्या नऊशे खऱ्या आहेत. पण एक सांगा, मी कधी फुकट काम केलंय?"

"नाही."

"मग! मी कागद बदलला असता तर त्यात माझं नाव नसतं? 'ओपारा, कायमचा अध्यक्ष' असं पहिल्या ओळीत आलं असतं. न्दियागू गेल्याने माझ्या ताटात काय पडलं? कागदात मी आधीही नव्हतो आणि आत्ताही नाही."

उदेन्क्वोला हसू आलं. लबाड माणसाचं हे एक बरं असतं. खरं बोलायला त्याला लाज वाटत नाही.

"झाडाखाली अंगठे दिले त्या दिवशी तुम्ही होतात?"

"मी कशाला येतो स्वतःचं मयत बघायला? रुसून घरी बसलो होतो. न आलेले दोघंच. मी आणि कोर्टाचा कारकून नथॅनिएल. त्याला साहेबाने टपाल घेऊन जिल्ह्याला पाठवलं होतं."

"आणि पेटीची किल्ली?"

"नथॅनिएलकडे. पण तो लांबून आलेला परका माणूस. बाकावर न्दियागू बसलं काय आणि अमाओक्वे बसलं काय, त्याला काय फरक पडतो?" ओपाराने घंटी वाजवून पाहिली. "फायदा कुणाचा ते बघा. न्दियागू कुणाच्या खिशात गेलं? तुमच्या सासरच्या."

तेच तर तिला टोचत होतं.

३

अमाओक्वेचा वडील आनुमुडू म्हणजे उदेन्क्वोचा थोरला दीर. तिने मानाच्या कोला-बियांची बशी त्याच्यापुढे सरकवली. त्याने कोला उजव्या हाताने उचलली, पण तोंडात टाकली नाही.

"भावोजी, झाडाखाली अंगठे किती जणांनी दिले?"

"सहा."

"मग सभेत गप्प का बसलात?"

"मला कुणी विचारलं?"

"आता मी विचारतेय."

"तू साहेब नाहीस," आनुमुडू चिडून म्हणाला. "कागद मी नाही बदलला. आजोबांची शपथ. पण बदललाय तर बदललाय. आपल्या गावाला झरा मिळतोय, बाजाराची कड मिळतेय. तीस वर्षं तू या घरचं अन्न खातेस, जरा या घरचाही विचार कर."

"या घरचाच करतेय. आज कागदाने न्दियागू खाल्लं. त्या कागदाला पुन्हा भूक लागायची थांबेल होय?"

आनुमुडूने कोला बशीत परत ठेवली. तो चोर नव्हता. चोराने टाकून दिलेलं उचलून घेण्याइतपतच त्याची हाव होती. उदेन्क्वोला त्याचा राग आला आणि कीवही आली, कारण इतकी वर्षं ती त्याला सरळ माणूस समजत होती.

दुसऱ्या दिवशी साहेबाने स्वतःच निकाल लावायचा ठरवलं. पाचही वडिलांना कोर्टात बोलावलं, प्रत्येकाचा अंगठा शाईत बुडवून कोऱ्या कागदावर घेतला आणि भिंग डोळ्याला लावून तो एकेक ठसा मूळ कागदाशी ताडून पाहत बसला. बाहेर अंगणात लोक वाट बघत उभे.

शेवटी साहेब उठला. दुभाष्याने त्याचं बोलणं मोठ्याने सांगितलं.

"पाचही ठसे यांचेच आहेत. तसूभर फरक नाही. माणूस विसरतो, शाई विसरत नाही. कागद खरा आहे."

इबेकवे तिथेच पायरीवर बसला.

४

"मला कागद बघू द्या," उदेन्क्वो म्हणाली.

साहेबाने दुभाष्याकडे पाहिलं. बायका कोर्टात शिरल्या की साहेब लोकांना अजून घाम फुटायचा. दुभाष्या हळूच म्हणाला, "बघू द्या साहेब. ही एकटी परवडली."

तिला अक्षर वाचता येत नव्हतं. तिने अक्षरांकडे पाहिलंच नाही. खाली ओळीने पाच अंगठे होते, आणि अंगठे तर ती चाळीस वर्षं वाचत होती. ओल्या मातीवर रोज दोन्ही अंगठे उमटवणाऱ्या बाईला कुठला कुठे झुकतो हे काय सांगायला लागतं? उजवा अंगठा टेकला की त्याचं टोक डावीकडे कलतं, डावा टेकला की उजवीकडे. हे पाचही उजवीकडे कलले होते.

"हे डावे आहेत," ती म्हणाली.

"अर्थात डावे," साहेबाने सांगितलं. "कचेरीचा नियमच आहे. निशाणी डावा अंगठा."

उदेन्क्वोच्या डोळ्यांसमोर झाडाखालचा तो दिवस उभा राहिला. पाण्याची मडकी घेऊन ती तिथेच होती. त्या साहेबानेही डावाच अंगठा मागितला होता. त्यावर ओबिनागूचा वडील इलोका केवढ्याने गरजला होता! 'पूर्वजांच्या समोर डावा हात? कोला काय डाव्या हाताने देतात?' कोर्टाच्या रोजच्या कागदाला डावा हात चालतो, किंबहुना कोर्टाला तोच शोभतो असं सगळ्यांचं मत. पण झाडाखाली, कोला फोडून दिलेला शब्द डाव्या हाताने? साहेब शेवटी हसला होता आणि त्याने सहाच्या सहा अंगठे उजवे घेतले होते.

तिने हे सांगितलं. साहेबाने खांदे उडवले.

"हे तुमचं तोंडी म्हणणं. दहा जण म्हणाले तरी ते तोंडीच. त्या दिवशी मी इथे नव्हतो, हा दुभाष्याही माझ्याबरोबरच नवा आलाय. माझ्याकडे कागद आहे. तुमच्याकडे काय आहे?"

ती कागद परत देणार, एवढ्यात दुसऱ्या ठशावर तिची नजर अडकली. ठशाच्या बरोबर मधून एक बारीक पांढरी रेघ आडवी गेली होती. कच्च्या मडक्याला तडा जावा तशी.

"हा अंगठा कुणाचा?"

"इलोकाचा," दुभाष्या म्हणाला.

"बरं," उदेन्क्वो म्हणाली आणि पदराला हात पुसत बाहेर पडली. पायरीवर बसलेल्या भावाला तिने पाठीवर एक थाप मारली. "ऊठ. मुसमुसायला वेळ नाही. मला तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात."

५

"पहिली गोष्ट," चालता चालता तिने विचारलं, "त्या दिवशी कागदावर तुझ्या अंगठ्याशिवाय आणखी काही लिहिलं होतं का?"

"होतं ना. आमची अट. साहेबाने माझ्या अंगठ्याखाली हाताने लिहून घेतली. बारा वर्षं कोर्टाच्या खुर्चीला चिकटलेला कारकून नव्या कोर्टात नको, सहा गावं मिळून नवा निवडतील. बाकीच्या पाचांनीही हो म्हटलं."

उदेन्क्वो थांबली. "हे तू मला आत्ता सांगतोस?"

"गाव हरवलंय ताई. कारकुनाचं कुणाला पडलंय?"

"दुसरी गोष्ट. तेव्हापासून नथॅनिएल तुझ्याकडे कशासाठी आला होता?"

इबेकवेने आठवून पाहिलं. "हो, आला होता एकदा. गेल्याच महिन्यात. कोर्टाचं छप्पर गळतं, प्रत्येक गावाने झावळ्यांच्या झापा द्यायच्या, त्याच्या कागदावर अंगठा द्या म्हणाला. मी दारातूनच पिटाळला. माझ्या पुतण्याच्या खटल्यात त्याने जे केलं त्यानंतर मी शपथ घेतलीय. त्या माणसाच्या हातातल्या कागदाला माझा अंगठा लागणार नाही. झापा हव्यात तर तोंडी माग, वीस पाठवतो."

"आणि बाकीच्या पाचांनी?"

"दिले असतील की. कोर्टाच्या कागदाला डावा हात द्यायला काय जातं?"

इतका वेळ तीच विचारत होती की न्दियागू गेल्याने फायदा कुणाचा. प्रश्नच चुकला होता.

ती तडक कोर्टात परतली. नथॅनिएल कडक कॉलरचा सदरा घालून टेबलाशी बसला होता. छपरातल्या भोकांतून उन्हाचे कवडसे त्याच्या टेबलावर, वहीवर, थेट टकलावर पडले होते.

"कारकूनदादा, छप्पर कधी शाकारणार?"

"झापा येतायत."

"महिना झाला म्हणे अंगठे घेऊन. चालत येतायत का झापा?"

नथॅनिएलने हातातला टाक खाली ठेवला. "आई, तुमच्या भावाचं दुःख मी समजू शकतो. पण कागद कागद असतो. मी तर तिथे नव्हतोच. मला यातलं काय ठाऊक?"

"तेच म्हणते मी," उदेन्क्वो म्हणाली. "तुम्ही तिथे नव्हतात."

६

न्क्वोच्या सकाळी साहेबाची मोटार कोर्टासमोर तयार उभी होती. बाजारात कुणीच बसलं नव्हतं. झाडून सारी माणसं अंगणात लोटली होती. उदेन्क्वो आली ती मिशनच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला पुढे घालून. त्याच्या काखेत जाडजूड वही होती.

"साहेब, माझ्या शब्दावर तुमचा विश्वास नाही. ठीक. कागदावर आहे ना? मी कागदच आणलाय. इलोकाबाबा, तुमचा डावा अंगठा दाखवा."

इलोकाने हात पुढे केला. अंगठ्यावर आडवा पांढरा व्रण होता.

"कसा झाला हा?"

"लावणीचे कंद कापताना. सुरी हाडापर्यंत गेली. आणि ती सुरी माझ्या जावयाने..."

"जावयाचं नंतर. कधी?"

"झाडाखालच्या सभेच्या चार दिवस आधी."

"ऐकलंत? आता वही बघा."

कंपाउंडरने पान उघडलं. साहेबाने वाचलं. ओबिनागूचा इलोका, डावा अंगठा, पाच टाके. मग पुढच्या तारखा. पट्टी बदलली, पट्टी बदलली. टाके काढून पट्टी सोडली ती सभेनंतर तेरा दिवसांनी. साहेबाने भिंग काढून पेटीतल्या कागदावर धरलं. भरलेल्या जखमेची रेघ ठशात स्वच्छ दिसत होती, आणि कागदाखाली तारीख होती सभेची.

"त्या दिवशी या अंगठ्यावर मुठीएवढी पट्टी होती," उदेन्क्वो म्हणाली. "त्यातून जखम भरल्याचा व्रण कसा उमटला? तुमची शाई विसरत नाही साहेब, खरं आहे. तिला पुढचं आधीच दिसलं होतं एवढंच."

अंगणात हशा पिकला. साहेब मात्र हसला नाही. त्याने पुन्हा एकदा तारखा पाहिल्या.

"मग हे अंगठे कधीचे?"

"गेल्या महिन्यातले. पाचही वडिलांनी कोर्टाच्या छपरासाठी एका कागदावर अंगठा दिला. कागद वरून दुमडलेला होता. होता की नाही, इलोकाबाबा?"

"होता. मी म्हटलं, असेल बुवा त्यांची पद्धत."

"ते छप्पर अजून तसंच आहे. वर बघा."

सगळ्यांनी वर पाहिलं. फक्त नथॅनिएल खाली बघत होता.

"याला न्दियागू गाव नको होतं असं नाही साहेब," ती म्हणाली. "याला एक ओळ नको होती. हा कारकून बदला, अशी आमची अट होती. पेटीची किल्ली याच्याकडे, टंकलेखनाचं यंत्र याच्याकडे, जुन्या साहेबाची सही रोज डोळ्याखालून जाणारी. कागद नवा करणं सोपं. अवघड होते अंगठे. पाच मिळाले. सहावा मिळेना, कारण माझ्या भावाने याच्या कागदाला हात न लावायची शपथ घेतलीय. अंगठ्याशिवाय गाव कसं ठेवणार? मग गावच पुसलं. आणि हा बारा वर्षं डावेच अंगठे घेत आलाय. झाडाखाली उजवे दिले गेले, हे याला कळणार कसं? शाईचा ठसा बघून हात ओळखायला मडकी करावी लागतात."

"हे सगळे मिळून खोटं बोलतायत!" नथॅनिएल उसळून उभा राहिला. "अमाओक्वेच्या वडिलांना विचारा! ते तिथे होते!"

बिचाऱ्याचा हिशेब एवढाच होता की आनुमुडू गप्प बसेल. साहेब आनुमुडूकडे वळला. अमाओक्वेची सगळी माणसं आपल्या वडिलाकडे बघू लागली. उदेन्क्वोने नजर दुसरीकडे वळवली. हे एक उत्तर ती त्याच्यासाठी देऊ शकत नव्हती.

आनुमुडू काठीवर जोर देऊन उठला. "आता मला विचारलंय," तो म्हणाला. "तर ऐका. आम्ही सहा होतो. मी उजवा अंगठा दिला. कोला खाऊन दिला. चार दिवस गिळलेला शब्द आज बाहेर पडला." आणि तो मटकन खाली बसला.

खरा कागद नथॅनिएलच्या पेटाऱ्यात, सदऱ्यांच्या घडीखाली सापडला. जाळायचा धीर त्याला झाला नव्हता. बारा वर्षं कागद सांभाळलेल्या माणसाला सरकारी सही जाळवली नसावी. त्यावर सहा अंगठे होते, सगळे डावीकडे कललेले, आणि सहाव्याखाली शाईने लिहिलेली ती अट. ओपाराने अंगणाच्या कडेला सायकलची घंटी दोनदा वाजवली. त्याच्यावर घातलेला आळ उतरल्याची ती दवंडी होती.

साहेब टोपी काढून उदेन्क्वोसमोर आला. झाल्या प्रकाराचा जबाब तयार होता आणि तिने साक्षीदार म्हणून निशाणी करावी असं त्याने सांगितलं. शाईची पेटी उघडून त्याने सवयीने तिचा डावा हात धरला. मग त्याच्या लक्षात आलं. तो लाजला, डावा सोडून त्याने तिच्या उजव्या हाताकडे आपला हात पुढे केला.

तिने उजवा अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला. साहेबाने भिंग लावलं, मग कागद उजेडात धरला. ठसा काळाभोर आणि गुळगुळीत होता, एकही रेघ नसलेला.

"हा कसा चालेल?" तो गोंधळून म्हणाला. "यात ओळखायला काहीच नाही. तुमच्या अंगठ्याच्या रेघा कुठे गेल्या?"

चाळीस वर्षं मातीवर घासलेला तो अंगठा उदेन्क्वोने एकदा उलटसुलट करून पाहिला.

"सहा गावांत घरोघरी जा," ती म्हणाली. "मडकी उचलून बघा. तिथे सापडतील."